असोका आणि तिचं विश्व : ठाणे-नवी मुंबईच्या चर्चागटात नव्यानं येणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं 'असोका' या स्टार वॉर्स मालिकेच्या पहिल्या सीझनबद्दल आहेत. असोका म्हणजे जेडाय, या कथाविश्वातल्या शक्तिसाधक योद्ध्यांच्या संघात वाढलेली तलवारबाज. पहिल्या तीन उत्तरांत कथेची मोठी गुपितं फुटत नाहीत. चौथ्यापासून आठही भागांतलं सगळं उघडपणे बोललेलं आहे. मालिका पाहायची असेल तर तीन उत्तरं वाचून थांबा आणि पाहून झाल्यावर परत या.

मालिकेआधी काय काय पाहायला हवं? सगळं पाहण्याइतका वेळ नाही.

सगळं पाहूही नका. 'द क्लोन वॉर्स' या ॲनिमेशन मालिकेचेच १३३ भाग आहेत आणि 'रिबेल्स'चे चार सीझन वेगळे. त्यांतले निवडक वीस भाग पुरतात. एक भाग साधारण २२ मिनिटांचा, म्हणजे साडेसात तासांत काम होतं. दोन रविवार दुपारी बसलात तरी पुष्कळ.

'क्लोन वॉर्स'मधून तीन तुकडे घ्या. तिसऱ्या सीझनचे भाग १५, १६, १७ हे मॉर्टिस या गूढ जगाचे. पाचव्याचे १७ ते २०, ज्यांत असोकावर खोटा आळ येतो आणि ती जेडाय संघ सोडते. सातव्याचे ९ ते १२, म्हणजे मॅन्डलोर ग्रहाचा वेढा. 'रिबेल्स'मधून दुसऱ्या सीझनचा 'द कॉल' आणि त्याच सीझनचा दोन भागांचा शेवट 'ट्वायलाइट ऑफ द अप्रेन्टिस'. तिसऱ्याची दोन भागांची सुरुवात 'स्टेप्स इनटू शॅडो' आणि पुढे 'ट्रायल्स ऑफ द डार्कसेबर'. चौथ्याचा 'अ वर्ल्ड बिटवीन वर्ल्ड्स' आणि अगदी शेवटचे दोन भाग. 'रिबेल्स'चे भाग क्रमांकावरून शोधू नका, नावावरून शोधा. जोडभाग कुठे एक धरलेला असतो, कुठे दोन, त्यामुळे पुढचे आकडे सरकतात आणि माणूस भलताच भाग पाहून बसतो.

शेवटी 'द मॅन्डलोरियन'च्या दुसऱ्या सीझनचा पाचवा भाग. असोका हाडामांसाच्या रूपात पडद्यावर पहिल्यांदा दिसते ती तिथे, आणि जुलमी साम्राज्याचा सेनानी थ्रॉन याचा ठावठिकाणा विचारते तीही तिथेच. मॉर्गन एल्सबेथ कोण, हेही त्याच भागात कळतं.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर मॉर्टिसचे तीन, 'अ वर्ल्ड बिटवीन वर्ल्ड्स' आणि 'रिबेल्स'चा शेवट एवढं पाहा. नवे प्रेक्षक सर्वाधिक वेळा मॉर्टिसच गाळतात, कारण ते भाग मुख्य युद्धाशी संबंध नसलेलं आडवळण वाटतात. ते गाळले की आठव्या भागाच्या शेवटी पडद्यावर नुसते दगडी पुतळे दिसतात, आणि इतरांचा श्वास का अडकला ते समजत नाही.

'क्लोन वॉर्स' पूर्ण पाहायचं असेल तर कोणत्या क्रमानं?

ही मालिका कथेच्या क्रमानं प्रसारित झालेली नाही. कथाक्रम दुसऱ्या सीझनच्या १६व्या भागापासून सुरू होतो, मग पहिल्याचा १६वा, मग २००८चा चित्रपट. चौथ्या सीझनपासून पुढे मात्र सरळ पाहत गेलात तरी चालतं.

टीव्हीवर चित्र फार गडद दिसतं आणि संवाद पुटपुटल्यासारखे येतात. काय करायचं?

दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. टीव्हीचा 'व्हिविड' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीत तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो. ती चालू राहिली तर तलवारींची द्वंद्वं दैनंदिन मालिकेसारखी दिसतात. वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या चित्राच्या आकारामुळे आहेत, झूम करून त्या घालवू नका. कडेचं चित्र कापलं जातं.

संवादांचं कारण वेगळं. प्रक्षेपण सहा स्पीकरांसाठीचं असतं आणि संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवलेले असतात. घरी नुसते टीव्हीचे दोन स्पीकर असले की ती सरमिसळ नीट होत नाही, संगीत मोठं आणि बोलणं बारीक होतं. ऑडिओ स्टिरिओवर आणा आणि इंग्रजी सबटायटल्स लावा. हिंदी डब पाहिला तरी हरकत नाही, फक्त चर्चेत एखाद्या वाक्याचा आधार देताना ते मूळ इंग्रजी ऑडिओत एकदा ऐकून या. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीशी जुळवताना शब्द बदलतात, आणि या मालिकेत वाद शब्दांवरूनच होतात.

तुमच्या चर्चेत 'दिसलं, म्हटलं, जोडलं' असं सारखं बोलतात. ते काय आहे?

कथाविश्वावर बोलण्याची ही आमची एकमेव सक्त शिस्त आहे, आणि एवढी पाळली तरी निम्मे वाद उद्भवतच नाहीत. कोणतंही विधान करताना ते तीनपैकी कशात बसतं ते आधी सांगायचं. पडद्यावर घडताना पाहिलं ते 'दिसलं'. एखादं पात्र बोललं ते 'म्हटलं', आणि इथे कोण बोललं, कोणाला, कशासाठी, हेही सांगायचं. आपण दोन गोष्टींचा दुवा लावला ते 'जोडलं'.

'म्हटलं' आणि 'दिसलं' यांची गल्लत सर्वाधिक होते. चौथ्या भागात एकेकाळचा जेडाय बेलन स्कोल असोकाची शिष्या सबिन हिला सांगतो की तिचं कुटुंब मॅन्डलोरवर मेलं, कारण तिच्या गुरूचा तिच्यावर विश्वास नव्हता. अनेक जण हे वाक्य जसंच्या तसं इतिहास म्हणून मांडतात. पण बेलनला त्या क्षणी तिच्या हातातला, थ्रॉनपर्यंत नेणारा नकाशा हवा आहे. कुटुंब गेलं, हे सबिनच्या चेहऱ्यावरून पटतं. 'कारण' मात्र बेलनचं आहे, आणि ते तिला असोकापासून तोडण्यासाठी वापरलेलं आहे. गटाच्या वहीत नोंद अशी हवी: भाग ४, सीटोस ग्रह, बेलन सबिनला, नकाशा मागताना. पुढे मिनिट-सेकंद. तेवढं असलं की दुसऱ्याला दहा सेकंदांत पडताळता येतं.

'जोडलं' फसतं कसं, याचा धडा मॅरोकनं दिला. मुखवटा घातलेला, जवळपास न बोलणारा योद्धा. त्यामुळे तो सबिनचा बेपत्ता मित्र एझ्रा आहे इथपासून जुन्या व्हिडिओ गेममधला अमुक आहे इथपर्यंत तर्क धावले. चौथ्या भागात असोकानं त्याला कापलं आणि आतून हिरवा धूर निघाला. तर्कांचा पाया एवढाच होता की मुखवटा आहे म्हणजे आत ओळखीचा चेहरा असणार. पुरावा काहीच नव्हता. तर्क जरूर करा, त्यातच मजा आहे. पण किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आधार जुळल्याशिवाय तो वहीत चढवू नका.

कॅनन आणि लेजेन्ड्स म्हणजे काय? थ्रॉनच्या जुन्या कादंबऱ्या वाचल्यात, त्या चालतील ना?

वाचायला जरूर चालतील, आधार म्हणून नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नीनं लुकासफिल्म विकत घेण्याची घोषणा केली, आणि एप्रिल २०१४ मध्ये ठरलं की चित्रपट, 'क्लोन वॉर्स' आणि त्यानंतर येणारं नवं साहित्य एवढंच अधिकृत, म्हणजे कॅनन. आधीच्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स यांच्यावर 'लेजेन्ड्स' हा शिक्का बसला. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा मुळातलं काय आणि मागाहून शिरलेलं काय हे वेगळं करावं लागलं. इथलं काम त्याच जातीचं आहे.

थ्रॉन हे पात्र १९९१च्या 'एअर टू द एम्पायर' या टिमथी झानच्या कादंबरीतलं. ती कादंबरी लेजेन्ड्समध्ये गेली. पात्र मात्र 'रिबेल्स'च्या तिसऱ्या सीझनमधून अधिकृत कथेत परतलं, आणि झाननंच २०१७ पासून त्याच्यावर नव्या, अधिकृत कादंबऱ्या लिहिल्या. म्हणून '१९९१च्या पुस्तकात असं झालं, तेव्हा मालिकेतही होणार' हा युक्तिवाद आमच्याकडे धरत नाहीत. लेखक जुन्या गोष्टींतून हवं तेवढं उचलतात, बाकीचं सोडतात. काय उचललं ते पडद्यावर आल्यावरच कळतं.

वर्षं कशी मोजायची?

यावीनची लढाई, म्हणजे १९७७च्या पहिल्या चित्रपटाच्या शेवटी साम्राज्याचा डेथ स्टार हा तळ स्फोटात नष्ट होतो ती घटना, शून्य धरा. त्याआधीची वर्षं 'यावीनपूर्व', नंतरची 'यावीनोत्तर'. क्लोन युद्ध यावीनपूर्व २२ ते १९. 'रिबेल्स'ची कथा यावीनच्या अगदी आधीच्या चार-पाच वर्षांतली. एन्डोरची लढाई, म्हणजे साम्राज्य पडलं ती, यावीनोत्तर ४. 'मॅन्डलोरियन' आणि 'असोका' यावीनोत्तर ९च्या आसपास.

क्लोन युद्धाच्या सुरुवातीला असोका चौदा वर्षांची होती, तेव्हा या मालिकेत ती पंचेचाळिशीच्या जवळ आहे. एझ्रा आणि थ्रॉन बेपत्ता होऊन सुमारे दहा वर्षं झालीत. साम्राज्य पडून फक्त पाच. हा शेवटचा आकडा डोक्यात ठेवा. दुसऱ्या भागात कोरेलियाच्या गोदीतले कामगार अजूनही साम्राज्याशी निष्ठा ठेवून आहेत, ते पटायला त्यानं मदत होते.

बेलन स्कोल पेरिडिया ग्रहावर नेमकं काय शोधतोय?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि आमच्या मते मालिकेतला सर्वात समृद्धही. म्हणून सावकाश पाहू.

दिसलं ते असं. आठव्या भागाच्या शेवटी बेलन एका अवाढव्य पुतळ्याच्या पुढे केलेल्या हातावर उभा आहे. पुतळा दाढीवाल्या पुरुषाचा. शेजारी दुसरा पुतळा आहे, तिसऱ्याचं डोकं उरलेलं नाही. हात दूरच्या डोंगराकडे रोखलेला आणि तिथे एक प्रकाश.

म्हटलं ते असं. सहाव्या भागात बेलन शिनला सांगतो की जेडाय उठतात, पडतात, साम्राज्य येतं, जातं, हे चक्र पुन्हा पुन्हा फिरतं. त्याला या सगळ्याचा आरंभ हवा आहे, म्हणजे चक्र कायमचं थांबवता येईल. इथे तो कोणाला फसवत नाही, आपल्या शिष्येशी बोलतो आहे, म्हणून या 'म्हटलं'ला वजन जास्त.

आता जोडणी. पुतळ्यांचे चेहरे मॉर्टिसच्या पित्याशी आणि पुत्राशी जुळतात. डोकं नसलेली ती कन्या असणार. मॉर्टिसवर पिता समतोल राखतो, कन्या प्रकाशाकडे झुकते, पुत्र अंधाराकडे, आणि तिघंही शेवटी मरतात. पुढे 'रिबेल्स'च्या चौथ्या सीझनमध्ये याच तिघांचं चित्र लोथल ग्रहावरच्या जेडाय मंदिराच्या भिंतीवर सापडतं, आणि त्या चित्रातून काळांच्या मधल्या जगाचं दार उघडतं. म्हणजे हे तिघं जिथे कोरलेले किंवा रंगवलेले दिसतात तिथे दार असू शकतं, अशी एक नोंद आधीची आहे. पेरिडियावरचा हात काहीतरी दाखवतो आहे. दोन स्वतंत्र आधार जुळतात, म्हणून हा तर्क आमच्या वहीत आहे. डोंगरात कोण किंवा काय आहे, त्याला एकही आधार नाही. ते वहीत नाही.

आणखी एक धागा असोकाकडे जातो. मॉर्टिसवर ती मरते आणि कन्येची प्राणशक्ती तिच्यात ओतली जाते. त्यानंतर मोराय नावाचा पांढरा-हिरवा घुबडासारखा पक्षी तिच्या आसपास दिसत राहतो. आठव्या भागाच्या शेवटी तो पेरिडियावरही आहे. एकाच ग्रहावर बेलन पित्याच्या हातावर उभा आहे आणि कन्येचा अंश असोकासोबत आहे. डेव्ह फिलोनीनं आठही भाग स्वतः लिहिलेत आणि असोका २००८ पासून त्याच्या हाताखाली घडली आहे, त्यामुळे हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

बेलन साकारणारे रे स्टीव्हन्सन मे २०२३ मध्ये, मालिका येण्याआधीच गेले. पहिला भाग त्यांना अर्पण केलेला आहे. त्यांनी या माणसाला दिलेला थकवा आणि सौजन्य यांविषयी बोलल्याशिवाय आमची एकही बैठक संपत नाही.

पेरिडिया किती दूर आहे? पर्गिल तिथे का जातात?

अंतर मालिकेत सांगितलेलं नाही. आकडा कोणी ठोकून दिला तर आधार मागा. ती दुसऱ्या दीर्घिकेत आहे एवढं पक्कं. पर्गिल हे हायपरस्पेसमधून, म्हणजे ताऱ्यांमधल्या अतिवेगवान वाटेनं, स्वतःच्या बळावर प्रवास करणारे महाकाय जीव. ग्रहाभोवतीचं कडं त्यांच्या हाडांचं आहे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ते तिथे मरायला येतात. डॅथोमिर ग्रहावरच्या चेटकिणींचे पूर्वजही तिथलेच.

थ्रॉनच्या शोधात निघालेल्या मॉर्गनचं यान तिथे पोचतं ते नकाशा आणि प्रचंड हायपरस्पेस कडं यांच्या जोरावर. असोकाकडे दोन्ही नाही; नकाशा तर जळालेला. ती पर्गिलच्या तोंडात यान घालते. कुठे नेतील याची खात्री नसतानाही तिनं ते केलं, हे निसटू देऊ नका. तिचा स्वभाव बदलला तो नेमका या ठिकाणी.

पाचव्या भागात असोका खरोखर त्या मधल्या जगात गेली, की पाण्यात बुडताना पाहिलेला भास?

दोन्ही बाजूंना दम आहे. भासाच्या बाजूनं: ती समुद्रातून बाहेर काढली जाते, म्हणजे शरीर पाण्यातच होतं. प्रत्यक्षाच्या बाजूनं: किनाऱ्यावर उभ्या लहानग्या जेसनला लाटांच्या आवाजात तलवारींची खणखण ऐकू येते, आणि त्याची आई हेरा हिलाही त्याच्या सांगण्यावरून लक्ष देऊन ऐकल्यावर. बाहेरच्या दोन माणसांना ऐकू आलं ते निव्वळ तिच्या मनातलं असू शकत नाही. आमचा कौल प्रत्यक्षाकडे झुकतो. हा भाग हेडफोन लावून पाहा; टीव्हीच्या स्पीकरवर तो आवाज लाटांत हरवतो.

सबिनमध्ये शक्ती, म्हणजे फोर्स, आली कुठून? एकदम कशी काय?

एकदम नाही. असोकाचा यंत्रमानव सोबती ह्युयांग तिच्या तोंडावर सांगतो की तिच्याइतकी कमी क्षमता त्यानं क्वचित पाहिली आहे. असोकाची भूमिका अशी की शक्ती सगळ्यांत असते, साधना आणि एकाग्रता नसते. तिसऱ्या भागात सबिन पेला हलवायचा प्रयत्न करते, हलत नाही. आठव्यात गळा आवळला जात असताना तलवार हातात येते, आणि मग ती एझ्राला झेप घ्यायला ढकलते. काहींना हे घाईचं वाटतं. गुरू-शिष्येचं जुनं प्रशिक्षण पडद्यावर दाखवलेलंच नाही, ही तक्रार रास्त आहे.

असोकाच्या तलवारी पांढऱ्या का?

२०१६च्या 'असोका' या कादंबरीत उत्तर आहे. साम्राज्याच्या एका इन्क्विझिटरच्या (जेडायना हुडकून मारणाऱ्याच्या) तलवारीतले लाल झालेले स्फटिक ती शुद्ध करते आणि ते पांढरे होतात. कादंबरी अधिकृत आहे. बेलन आणि शिनच्या तलवारी नारिंगी का, हे मालिकेत कोणी सांगत नाही.

थ्रॉननं तळघरांतून जहाजात भरलेल्या पेट्यांत काय आहे?

शवपेट्यांसारख्या दिसतात, खूप आहेत आणि जहाज डॅथोमिरला पोचतं. एवढंच दिसलं. बाकी सगळं 'जोडलं'.

पडद्यांवरची ती वेगळी अक्षरं वाचता येतात का?

येतात. लिपीचं नाव ऑरेबेश, डावीकडून उजवीकडे, आणि अक्षरांआड साधी इंग्रजी. मूळ तक्त्यात ३४ चिन्हं आहेत; पैकी २६ इंग्रजी अक्षरांची, उरलेली आठ जोडाक्षरांची. ती आठ सुरुवातीला सोडून द्या. स्क्रीनशॉट घ्यायला गेलात तर बहुधा काळं चित्र मिळेल, कारण प्रक्षेपणाला नक्कलविरोधी कुलूप असतं. भाग थांबवा, कागदावर चिन्हं जशीच्या तशी उतरवा, मग तक्त्याशी ताडा. घाईत उलटं-सुलटं उतरवलं की शब्द लागत नाही.

नवा भाग भारतात किती वाजता येतो? रहस्यभंगाचा नियम काय?

'असोका'चे भाग अमेरिकेत पॅसिफिक वेळेनुसार मंगळवारी संध्याकाळी ६ वाजता आले, म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळी ६:३०. हे गणित उन्हाळी वेळेचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत अमेरिकी घड्याळ एक तास मागे असतं, तेव्हा संध्याकाळी ६ म्हणजे इथे सकाळी ७:३०. दरवर्षी कोणीतरी तासभर आधी उठून ॲप पुन्हा पुन्हा उघडत बसतं, ते यामुळे.

गटात शुक्रवार रात्रीपर्यंत भागाचा फक्त क्रमांक लिहायचा. नाव नाही, चित्र नाही, 'बाप रे' सुद्धा नाही. तेवढ्यावरून लोक ताडतात. नियम उगाच कडक नाही. सहावा भाग, ज्यात थ्रॉन पहिल्यांदा समोर येतो, आपल्याकडे २० सप्टेंबर २०२३ला आला, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. दीड दिवसाच्या विसर्जनाच्या गडबडीत कोण सकाळी साडेसहाला मालिका पाहणार? सणाच्या आठवड्यात मुदत रविवार रात्रीपर्यंत असते.

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सगळे मिळून पाहू या का?

नाही. घरगुती वर्गणी खासगी वापरासाठी असते. हॉलमध्ये जाहीर खेळ लावणं तिच्यात बसत नाही, वर्गणी काढून तर अजिबात नाही. भाग घरी पाहायचा, बैठक चर्चेची. हॉल हवा असेल तर कमिटीला लेखी अर्ज द्या, बाहेरचे किती जण येणार तो आकडा लिहा. सिक्युरिटीला यादी आधी दिली की गेटवर खोळंबा होत नाही.

दीड तास पुरतो. पहिली वीस मिनिटं फक्त 'दिसलं', नंतर 'म्हटलं', आणि तर्कांना शेवटी हवा तेवढा वेळ. उलट क्रमानं सुरू केलंत तर पहिल्याच तर्कावर तास जातो आणि भागावर बोलणं राहून जातं.

बैठक शनिवारी का? रविवारी सगळ्यांना सुट्टी असते.

रविवारच्या रेल्वे मेगाब्लॉकमुळे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नेरूळचे लोक ट्रान्सहार्बरनं ठाण्याला येतात आणि ब्लॉक असला की निम्मी मंडळी अडकतात. शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा, एकदा ठाण्यात, एकदा वाशीत. रविवारी बैठक घ्यावीच लागली तर आदल्या दिवशी ब्लॉकचं वेळापत्रक पाहून मगच गटात वेळ टाका.